ताऱ्यांचा हिशेबनीस

१८०४ सालच्या जुलै महिन्याची २८ तारीख. उत्तर जर्मनीतल्या ब्रेमेन या बंदराच्या शहरात, एका व्यापारी पेढीत उमेदवारी करणारा वीस वर्षांचा पोरगा भर रस्त्यात एका प्रतिष्ठित डॉक्टरांपुढे जाऊन उभा राहिला. आपण केलेलं थोडं गणित त्यांच्या नजरेखालून जावं, एवढीच त्याची विनंती होती. पोराचं नाव फ्रीड्रिश विल्हेल्म बेसेल. डॉक्टरांचं नाव हाइनरिश विल्हेल्म ऑल्बर्स. दिवसभर रोगी तपासायचे आणि रात्री घराच्या वरच्या मजल्यावर मांडलेल्या दुर्बिणींतून आकाश तपासायचं, असा या डॉक्टरांचा वर्षानुवर्षांचा क्रम. पल्लास नावाचा लघुग्रह त्यांनीच दोन वर्षांपूर्वी शोधला होता. धूमकेतूची कक्षा कशी काढावी याची त्यांनी सांगितलेली रीत युरोपभर वापरली जात होती.

पोराच्या कागदांत हॅलेच्या धूमकेतूची कक्षा होती. हा धूमकेतू १६०७ साली दिसला तेव्हा थॉमस हॅरियट या इंग्रज विद्वानानं त्याचे वेध घेऊन ठेवले होते. पावणेदोनशेहून अधिक वर्षं ते कागदपत्रांत पडून राहिले आणि अलीकडेच छापले गेले होते. त्या जुन्या, ओबडधोबड वेधांवरून धूमकेतूचा नेमका मार्ग काढायचा म्हणजे पानंच्या पानं आकडेमोड. ती या पोरानं पेढीचं काम संपल्यावर, रात्री जागून केली होती.

कुणा अनोळखी तरुणाचं बाड हातात आलं की वडीलधारी माणसं काय करतात, हे आपल्याला ठाऊक आहे. सवडीनं बघतो म्हणतात आणि ती सवड बहुधा येत नाही. ऑल्बर्सनी ते कागद वाचले. नुसते वाचले नाहीत, तपासले. विद्यापीठात डॉक्टरेट मिळावी अशा तोलाचं हे काम आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी लगेच उत्तर दिलं. पुस्तकं दिली, कुठं आणखी काम करता येईल ते सुचवलं आणि निबंध छापण्यासाठी पुढं धाडला. त्या उत्तरातून सुरू झालेला पत्रव्यवहार डॉक्टरांच्या अखेरपर्यंत, छत्तीस वर्षं चालला. आकाशातल्या एका ताऱ्याचं अंतर माणसाला पहिल्यांदा खात्रीनं कळलं, त्याची सुरुवात मला या उत्तरात दिसते.

बेसेलचा जन्म २२ जुलै १७८४ चा, वेस्टफालिया प्रांतातल्या मिंडेन गावचा. वडील सरकारी नोकर, आई धर्मोपदेशकाची मुलगी. घरात नऊ भावंडं, तीन मुलगे आणि सहा मुली. म्हणजे मध्यमवर्ग आणि ओढाताण, दोन्ही आलंच. मुलगा शाळेत घातला, पण लॅटिनशी त्याचं काही जमेना. आकड्यांत मात्र तो रमायचा. शेवटी वयाच्या चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि १७९९ च्या पहिल्या दिवसापासून तो ब्रेमेनच्या कुलेनकांप पेढीत उमेदवार म्हणून लागला. परदेशाशी आयात-निर्यात करणारी ही मोठी पेढी. करार सात वर्षांचा आणि सुरुवातीला पगार नाही.

मी आयुष्याची बरीच वर्षं बँकेत काढली. त्यामुळे या पेढीतला पोरगा मला अगदी ओळखीचा वाटतो. कीर्दीवरून खतावणी, खतावणीवरून ताळा, आणि ताळा जुळला नाही तर पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. काहीजण या कामाला कंटाळतात, काहीजण त्यात मुरतात, आणि एखाद्याला त्यातून आकड्यांचा स्वभाव कळतो. बेसेल या तिसऱ्या जातीचा. त्याचा हात इतका स्वच्छ होता की मालकांनी आपण होऊन त्याला थोडं वेतन सुरू केलं.

जहाजातून जाणाऱ्या मालाबरोबर पेढीचा माणूस म्हणून परमुलखात जायचं, असं या पोराच्या मनात होतं. म्हणून त्यानं भूगोल वाचला, इंग्रजी आणि स्पॅनिश शिकून घेतली. मग भर समुद्रात आपलं जहाज कुठं आहे हे कसं ओळखतात, हा प्रश्न आला. अक्षांश सोपे, रेखांश अवघड. रेखांशासाठी नौकानयनाची पुस्तकं उघडली तर त्यांत खगोलशास्त्र निघालं आणि खगोलशास्त्रासाठी गणित. एका सुताराच्या आणि घड्याळजीच्या मदतीनं त्यानं कोन मोजायचं यंत्र, सेक्स्टंट, बनवून घेतलं आणि ब्रेमेनचे रेखांश स्वतः काढून पाहिले. समुद्रावर जायला निघालेला मुलगा असा वाटेत आकाशाकडे वळला.

त्या काळातलं खगोलशास्त्र टपालावर चालत असे. १ जानेवारी १८०१ च्या रात्री सिसिलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेत पियात्झी या धर्मगुरूला एक नवा ठिपका हलताना दिसला. त्यानं जानेवारीच्या २४ तारखेला बर्लिनच्या बोडे यांना पत्र टाकलं. युद्धाची धामधूम असलेल्या युरोपातून वाट काढत ते पोचलं २० मार्चला! तोवर ठिपका सूर्याच्या बाजूला सरकून दिसेनासा झाला होता. वेध थोड्याच दिवसांचे होते. आता तो आकाशात पुन्हा कुठं शोधायचा?

गोथा गावच्या वेधशाळेचे प्रमुख बॅरन फॉन त्साख १८०० सालापासून एक मासिक काढत होते. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर ‘मासिक पत्रव्यवहार’. ठिकठिकाणच्या निरीक्षकांनी पाठवलेली पत्रं हाच त्यातला मुख्य ऐवज. या मासिकात पियात्झीचे वेध छापून आले आणि ब्राउनश्वाइगच्या चोवीस वर्षांच्या गाउसनं त्यांवरून नवी रीत काढून कक्षा मांडली. त्यानं सांगितलेल्या जागेजवळ डिसेंबरअखेरीस त्साख यांना आणि जानेवारी १८०२ च्या आरंभी ऑल्बर्सना तो हरवलेला ठिपका सापडला. तो सेरेस. एकानं पाहिलं, दुसऱ्यानं छापलं, तिसऱ्यानं गणित केलं, चौथ्यानं ताडून पाहिलं, आणि या चौघांना जोडणारं काय, तर पत्रं.

ऑल्बर्सनी पोराचा निबंध त्साख यांच्याकडे धाडला आणि तो त्याच वर्षी छापून आला. गाउसलाही त्यांनी या मुलाबद्दल कळवलं. गाउस तेव्हा २७ वर्षांचा होता आणि त्याचं नाव युरोपभर गाजत होतं. थोड्याच दिवसांत बेसेल आणि गाउस यांचाही पत्रव्यवहार सुरू झाला. दिवसा कॉफी-साखरेच्या व्यवहारांच्या जगातला कारकून रात्री गाउसला पत्रं लिहू लागला.

पण पत्रांवर पोट भरत नाही. १८०६ च्या सुरुवातीला उमेदवारीची सात वर्षं पुरी झाली. पेढीला हा माणूस हवा होता आणि तिथं राहिला असता तर चांगला पगार मिळणार होता. दुसरीकडे ब्रेमेनजवळच्या लिलिएनथाल गावात श्रोटर नावाच्या सरकारी अधिकाऱ्याची खासगी वेधशाळा होती. तिथले सहायक हार्डिंग यांनी जूनो हा लघुग्रह शोधून नाव कमावलं आणि ते गॉटिंगेनला गेले. त्यांची जागा रिकामी झाली होती. ऑल्बर्सनी बेसेलचं नाव सुचवलं. पगार पेढीपेक्षा कितीतरी कमी आणि पुढची शाश्वती काहीच नाही.

नऊ भावंडांच्या घरातल्या मुलानं असा निर्णय घ्यायचा म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कुठल्याही कुटुंबाला समजावून सांगायला नको. चांगली चाललेली नोकरी सोडून नक्षत्रं मोजायला जातोस? हा प्रश्न आजही आपल्या बैठकीच्या खोलीत याच शब्दांत विचारला जाईल. बेसेल गेला. माझा अंदाज असा, की रस्त्यात भेटलेल्या डॉक्टरांनी दीड वर्ष पत्रांतून त्याला बरोबरीच्या नात्यानं वागवलं नसतं, तर तो गेला नसता. प्रोत्साहन म्हणजे पाठ थोपटणं असं आपण समजतो. ऑल्बर्सनी त्याच्या गणितातल्या बारकाव्यांवर लिहिलं, आणि ती शाबासकी अधिक टिकाऊ ठरली.

लिलिएनथालला त्यानं चार वर्षं काढली. १८०७ साली गाउस ब्रेमेनला आला तेव्हा दोघांची प्रत्यक्ष भेटही झाली. पुढं १८१३ साली फ्रेंच सैन्यानं लिलिएनथाल गाव जाळलं, वेधशाळा लुटली आणि श्रोटर यांचा आयुष्यभराचा संग्रह गेला. तेव्हा बेसेल तिथं नव्हता. प्रशियाच्या राजानं पूर्वेकडच्या कोनिग्सबर्ग शहरात नवी वेधशाळा बांधायचं ठरवलं होतं आणि तिच्या प्रमुखपदी वयाच्या पंचविशीतच बेसेलची नेमणूक केली होती. नेपोलियनकडून मार खाल्लेलं, खजिना रिकामा झालेलं राज्य. त्या राज्याला वेधशाळा सुचावी याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

तत्त्वज्ञ कांटचं हे गाव. इथलं विद्यापीठ जुनं आणि मानी. तिथल्या प्राध्यापकमंडळींनी शंका काढली, की ज्याला पदवीच नाही तो प्राध्यापक कसा? प्रश्न नियमाला धरून होता. चौदाव्या वर्षी शाळा सोडलेल्या माणसापाशी दाखवायला प्रशस्तिपत्रक नव्हतं. गाउसनं गॉटिंगेन विद्यापीठात शब्द टाकला आणि १८११ साली प्रबंध न मागता बेसेलला डॉक्टरेट देण्यात आली. कागदाची अडचण मित्रानं कागदानंच सोडवली. पुढच्या वर्षी बेसेलचं लग्न झालं. पत्नी योहाना ही तिथल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक हागेन यांची मुलगी. १८१३ साली वेधशाळा बांधून पुरी झाली आणि त्यानंतर मरेपर्यंत त्यानं ती सोडली नाही.

आता त्याच्या खऱ्या कामाकडे येतो. त्याला मी हिशेबनीस म्हणतो ते या कामामुळे.

लंडनजवळच्या ग्रीनिचचे राजज्योतिषी जेम्स ब्रॅडली यांनी १७५० ते १७६२ या काळात हजारो वेध घेतले होते. ब्रॅडली निरीक्षणात अत्यंत काटेकोर. पण वेध म्हणजे कच्ची कीर्द. दुर्बिणीचा आस किंचित कललेला असतो. घड्याळ थंडीत आणि उन्हाळ्यात वेगळं चालतं. ताऱ्याचा किरण हवेतून येताना वाकतो आणि हवेच्या तापमानावर आणि दाबावर तो किती वाकेल हे ठरतं. पृथ्वीचा आस स्वतः डुलतो. यांतल्या प्रत्येकाची रक्कम वेगळी काढून वजा केल्याशिवाय ताऱ्याची खरी जागा हाती लागत नाही. ऑल्बर्सनी सुचवलं, की हे काम तू घे. बेसेलनं ते अंगावर घेतलं आणि १८१८ साली पुरं केलं. ३,२२२ ताऱ्यांच्या जागा त्यातून पक्क्या झाल्या. त्याच्या वाटेवर केलेल्या हवेतल्या वक्रीभवनाच्या कोष्टकांना १८११ साली पॅरिसचं लालांद पारितोषिक मिळालं.

यंत्र दोनदा घडतं, असं तो मानत असे. एकदा कारागिराच्या हातून पितळेत आणि काचेत, आणि दुसऱ्यांदा निरीक्षकाच्या हातून कागदावर, जेव्हा त्याचा एकेक दोष शोधून लिहिला जातो तेव्हा. कारागीर कितीही मोठा असो, बेसेल यंत्रावर विश्वास ठेवत नसे, पण म्हणून त्यानं यंत्राला कधी नावंही ठेवली नाहीत. आमच्याकडे ताळेबंद जुळत नसला की तो फरक काही काळ सस्पेन्स खात्यात टाकून ठेवायची सोय असते. बेसेलनं आपल्या शास्त्रात ही सोय ठेवली नाही. फरक निघाला की तो कुणाचा, हे शोधल्याशिवाय पान उलटायचं नाही.

या शोधात त्याला एक जुनी, दुःखद गोष्ट वाचायला मिळाली. १७९६ साली ग्रीनिचचे तेव्हाचे राजज्योतिषी मॅस्केलिन यांनी आपला सहायक डेव्हिड किनेब्रुक याला कामावरून काढलं. तारा दुर्बिणीतल्या तारेवरून नेमका कुठल्या क्षणी सरकला, हे घड्याळाचे ठोके कानानं ऐकत डोळ्यानं ठरवायचं, अशी तेव्हाची पद्धत होती. किनेब्रुकची वेळ मॅस्केलिन यांच्यापेक्षा सेकंदाच्या आठ-दशांशानं उशिरा पडे. समज देऊनही सुधारणा होईना, तेव्हा त्याची नोकरी गेली. मॅस्केलिन माणूस वाईट नव्हता. आपलं घड्याळ आणि आपला कान बरोबर, असं त्यानं गृहीत धरलं, इतकंच.

बेसेलनं वेगळा प्रश्न विचारला. चूक किनेब्रुकची होती कशावरून? त्यानं १८२० नंतर इतर खगोलशास्त्रज्ञांबरोबर बसून तेच तारे, त्याच पद्धतीनं पाहिले. सगळे तयारीचे निरीक्षक. आणि काय निघालं? बेसेल आणि आर्गेलांडर या दोघा निष्णात माणसांच्या वेळांत एका सेकंदाहून अधिक फरक होता, किनेब्रुकच्या फरकाहूनही जास्त! डोळ्यानं पाहिलेलं आणि कानानं ऐकलेलं मनात जुळायला प्रत्येकाला वेगळा वेळ लागतो. तो आळस नव्हे, निष्काळजीपणा नव्हे, त्या माणसाची घडण आहे. ती मोजा, लिहा आणि वजा करा. ‘वैयक्तिक समीकरण’ असं या दुरुस्तीला पुढं नाव पडलं आणि माणसाच्या मनाची मोजणी करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनीही तिथून बोध घेतला. किनेब्रुक तोवर हयात नव्हता. पण एका बिनडिग्रीच्या कारकुनाला वेळेवर ऑल्बर्स भेटले आणि दुसऱ्या एका सहायकाला कुणी भेटलं नाही, हे दोन हिशेब शेजारी मांडले की मन जरा थांबतं.

पत्रं चालूच होती. ब्रेमेन आणि कोनिग्सबर्ग यांच्यात सरळ रेषेत साडेसातशेहून अधिक किलोमीटरचं अंतर. मधे युद्धं, बदलत्या सरहद्दी. काही वर्षं तर ब्रेमेन चक्क फ्रान्सचा भाग होतं. तरी धूमकेतूंच्या जागा, भिंगांच्या तक्रारी, लेकरांचे जन्म आणि आजारपणं हे सगळं एकाच लिफाफ्यातून जात राहिलं. १८२१ साली शूमाखर यांनी हॅम्बुर्गजवळच्या आल्टोना इथून खगोलशास्त्राचं नियतकालिक सुरू केलं. तेही पत्रांवरच उभं होतं आणि बेसेलनं त्याला आयुष्यभर मजकूर पुरवला. ते आजही निघतं.

गाउसच्या पत्रांची तऱ्हा निराळी. जे तो छापत नसे ते तो बेसेलला लिही. गणिताच्या पुस्तकांत कोशी यांच्या नावानं शिकवला जाणारा एक मूलभूत सिद्धांत गाउसनं १८११ च्या डिसेंबरात बेसेलला पत्रातून सांगून ठेवला होता. युक्लिडच्या भूमितीपेक्षा वेगळी भूमिती शक्य आहे, पण लोकांच्या आरडाओरड्याला तोंड द्यायची इच्छा नाही म्हणून आपण ती छापत नाही, हेही त्यानं १८२९ च्या जानेवारीत त्यालाच कळवलं. बेसेल मात्र त्याच्याशी या बाबतीत भांडे. पूर्णत्वाची वाट बघत ज्ञान कपाटात ठेवणं त्याला पटत नव्हतं. हिशेब तपासायचा असेल तर वही उघडी पाहिजे, हे त्याच्या पेढीतल्या संस्काराला धरूनच होतं. या मुद्द्यावरून दोघांच्या पत्रांत कधी कधी कडवटपणाही आला. गाउसच्या बुद्धीपुढे तो नम्र होता. पण मिंधा नव्हता.

त्याच्या नावाचं एक गणित आपल्या घरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींना चांगलंच ठाऊक असेल. ग्रहांच्या गतीतल्या अडथळ्यांचा विचार करताना १८२४ साली त्यानं व्यवस्थित मांडलेली ती ‘बेसेल फंक्शन्स’ पुढं ढोलाच्या ताणलेल्या कातड्याच्या कंपनापासून रेडिओलहरींपर्यंत सगळीकडे उपयोगी पडली.

आणि आता तो तारा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे खरं असेल, तर सहा महिन्यांच्या अंतरानं आपण तीस कोटी किलोमीटर दूरच्या दोन जागांवरून आकाश बघतो. डोळ्यासमोर बोट धरून एकदा उजवा, एकदा डावा डोळा मिटला की बोट सरकल्यासारखं दिसतं. तसे जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकलेले दिसायला हवेत. या सरकण्याला पराशय म्हणतात. कोपर्निकसनंतर जवळजवळ तीनशे वर्षं लोक तो शोधत होते. कुणाला सापडल्यासारखा वाटे आणि मग ती यंत्राची चूक निघे. बेसेलनं स्वतः १८१५ च्या सुमारास प्रयत्न करून हात टेकले होते.

इतर लोक तेजस्वी तारे निवडत. कारण तेजस्वी तो जवळचा, असा समज. बेसेलनं हंस तारकासमूहातला ६१ क्रमांकाचा तारा घेतला. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा. पण पियात्झीनं दाखवून दिलं होतं, की तो आकाशात झपाट्यानं जागा बदलतो, वर्षाला पाच विकलांहून जास्त. जो भरभर चालताना दिसतो तो जवळ असणार, हा साधा तर्क. फ्राउनहोफरच्या कारखान्यातला हेलिओमीटर १८२९ साली कोनिग्सबर्गला आला होता. या दुर्बिणीचं पुढचं भिंग मधोमध कापून दोन अर्धी केलेली असतात आणि ती एकमेकांवरून सरकवून दोन ताऱ्यांमधलं अंतर अतिसूक्ष्म मोजता येतं. १८३७ च्या ऑगस्टपासून वर्षाहून अधिक काळ तो त्या ताऱ्याचं शेजारच्या दोन मंद ताऱ्यांपासूनचं अंतर मोजत राहिला. बाल्टिक समुद्रकाठचा तो कडाक्याचा हिवाळा, दुर्बिणीच्या खोलीत शेगडी पेटवायची सोय नाही; कारण गरम हवेनं प्रतिमा थरथरते.

उत्तर आलं ०.३१ विकला. एक सेंटिमीटर रुंदीची वस्तू साडेसहा किलोमीटरवरून जेवढी दिसेल, तेवढा हा कोन. त्यावरून अंतर निघालं सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधल्या अंतराच्या साडेसहा लाख पटींहून अधिक. प्रकाशाला तिथून यायला १०.३ वर्षं लागतात, असं त्यानं मांडलं. आजचा आकडा ११.४ वर्षांचा आहे. ही बातमी त्यानं १८३८ च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या जॉन हर्शेल यांना कळवली, अर्थात पत्रानं.

स्पर्धेत तो एकटा नव्हता. डोरपाटच्या स्ट्रूव्ह यांनी १८३७ साली अभिजित ताऱ्याचा पराशय दिला होता. पण वेध थोडे होते आणि पुढं त्यांनीच दुप्पट आकडा दिल्यामुळे लोक साशंक झाले. गंमत अशी, की पहिला आकडाच खऱ्याच्या जवळ होता. दक्षिण आफ्रिकेतून मित्र ताऱ्याचे वेध घेतलेल्या हेंडरसन यांनी, म्हणजे वकिलाच्या कचेरीतून आलेल्या आणखी एका कारकुनानं, आपला निकाल जानेवारी १८३९ मध्ये जाहीर केला. मान बेसेलला मिळाला, कारण त्यानं निकालाबरोबर सगळे फरक आणि दुरुस्त्या मांडून ठेवल्या होत्या. कुणीही बसावं आणि ताळा करून बघावा. १८४१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं त्याला सुवर्णपदक दिलं.

त्या ऑक्टोबरातच ऑल्बर्स ८० वर्षांचे झाले. म्हातारपणी त्यांना ही बातमी मिळाली. आपण खगोलशास्त्राची सर्वांत मोठी सेवा कोणती केली असेल तर बेसेलला या वाटेवर आणलं ही, असं ते सांगत. दोन लघुग्रह शोधणाऱ्या माणसानं हे म्हणावं!

बेसेलच्या वहीत आपल्या मातीचाही एक आकडा आहे. पृथ्वी विषुववृत्ताशी किती फुगीर आणि ध्रुवांशी किती चपटी, हे त्यानं १८४१ साली जगभरच्या दहा मोजण्या एकत्र करून काढलं. त्यांत पेरू होतं, फ्रान्स होतं, रशिया होती आणि हिंदुस्थानातल्या दोन मोजण्याही होत्या. कन्याकुमारीच्या बाजूनं उत्तरेकडे साखळ्या आणि थिओडोलाइट घेऊन वर्षानुवर्षं चालत आलेल्या विल्यम लॅम्टन यांचे ते कष्ट. लॅम्टन १८२३ साली वाटेतच वारले, ते आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, आणि त्यांची कबर तिथंच आहे. बेसेलनं काढलेल्या आकारावर जर्मनीपासून जपान-इंडोनेशियापर्यंतचे नकाशे शतकाहून अधिक काळ बेतले गेले. हिंगणघाट आणि कोनिग्सबर्ग एका बेरजेत आले, ते असे.

पण १८४० हे वर्ष त्याला फार जड गेलं. २ मार्चला ऑल्बर्स गेले. छत्तीस वर्षं ज्या पत्त्यावर मन मोकळं करायचं तो पत्ता पुसला गेला. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याचा तरुण मुलगा विल्हेल्म वारला. वय २६. वास्तुशास्त्राचं शिक्षण घेत होता. या फरकाची दुरुस्ती कुठल्याही कोष्टकात नव्हती. माणूस खचला, पण कामावर जात राहिला.

व्याध आणि प्रश्वा हे दोन तेजस्वी तारे सरळ न जाता लहरत चालतात, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. १८४४ साली त्यानं जाहीर केलं, की दोघांनाही न दिसणारे जोडीदार आहेत. न दिसणारा तारा केवळ हिशेबातल्या फरकावरून सांगायचा, हे धाडसच. व्याधाचा जोडीदार १८६२ साली आणि प्रश्वाचा १८९६ साली दुर्बिणीतून दिसला.

युरेनसचा हिशेबही जुळत नव्हता. त्यापलीकडे कुणीतरी आहे, अशी बेसेलला शंका होती आणि १८४२ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात तो हर्शेल यांच्याशी त्याबद्दल बोलला होता. पण प्रकृतीनं साथ दिली नाही. दीर्घ आजारानंतर १७ मार्च १८४६ ला, वयाच्या ६१ व्या वर्षी तो गेला. वेधशाळेजवळच त्याला पुरलं. ती वेधशाळा १९४४ च्या बॉम्बवर्षावात नष्ट झाली आणि त्या शहराला आता कालिनिनग्राद म्हणतात.

त्याच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी, २३ सप्टेंबर १८४६ ला बर्लिनच्या वेधशाळेतल्या गाल्ले या तरुण सहायकाला पॅरिसहून लव्हेरिए यांचं पत्र आलं. गाल्लेनं वर्षभरापूर्वी आपला प्रबंध त्यांना धाडला होता. त्याची पोच द्यायची राहून गेली होती. ती देता देता लव्हेरिए यांनी विचारलं होतं, की अमुक जागी दुर्बीण लावून बघाल का? गाल्लेनं त्याच रात्री लावली. जवळ त्या भागाचा नवा नकाशा होता. अशा नकाशांची मोहीम बर्लिनच्या ॲकॅडमीनं हाती घेतली होती, ती बेसेलच्या सूचनेवरून. नकाशात नसलेला एक ठिपका आकाशात दिसला. तो नेपच्यून. इंग्लंडमध्ये ॲडम्स यानं तेच गणित आधी केलं होतं. पण राजज्योतिषी एअरी यांनी पत्रातून विचारलेल्या एका शंकेला त्यानं उत्तर धाडलं नाही आणि तो विषय तिथंच राहिला.

बेसेल आणि ऑल्बर्स यांची पत्रं १८५२ साली बेसेलचे जावई एर्मान यांनी दोन खंडांत छापली. गाउस आणि बेसेल यांची १८८० साली आली. पण या दोघा मित्रांची आणखी एक खूण आहे. मार्च १८१५ मध्ये ऑल्बर्सना एक धूमकेतू सापडला होता. बेसेलनं त्याची कक्षा काढली आणि तो १८८७ साली परतेल असं सांगितलं. दोघेही गेल्यावर कितीतरी वर्षांनी, १८८७ साली तो आला. मग १९५६ साली आला. परवा २०२४ च्या उन्हाळ्यातही येऊन गेला. डॉक्टरांनी शोधलेला आणि कारकुनानं हिशेब मांडलेला हा पाहुणा पुन्हा सत्तरएक वर्षांनी येईल, तेव्हा तो बघायला आपली नातवंडं असतील.